खेळाचा प्राण कशांत?

व्हिडिओ गेम हा शब्द कानीं पडतांच आमच्या पिढींतील पुष्कळ गृहस्थांच्या कपाळास आठ्या पडतात. पडद्यावर प्रत्यक्ष काय चाललें आहे हें पाहण्याची तसदी मात्र फारच थोडे घेतात. जे घेतात तेही एक ओझरता दृष्टिक्षेप टाकून निवाडा देतात. चित्रांत मारामारी दिसली तर खेळ वाईट, फुलें-पांखरें दिसलीं तर चांगला, आणि एखादें पौराणिक पात्र दिसलें तर तो थेट संस्कारक्षम! तरुण मंडळींची तऱ्हाही याहून फारशी निराळी नाहीं. 'ग्राफिक्स काय आहेत!' किंवा 'स्टोरी काय आहे!' एवढ्यांत खेळाचें मोल सांगून तीही मोकळी होतात. चित्र आणि कथा या दोहोंखेरीज खेळांत तिसरेंही कांहीं असतें, व तें तिसरेंच खेळाचा प्राण होय, असें आमचें मत आहे. जुन्या खेळांत तें उघडें दिसतें, म्हणून आज त्यांच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

या तिसऱ्या वस्तूस जाणकार गेमप्ले म्हणतात. आम्ही तिला क्रीडा म्हणूं. खेळणारानें काय करावयाचें, केल्यास काय होतें, चुकल्यास काय भोगावें लागतें, आणि पुनः प्रयत्न करतांना त्याच्या हातीं पहिल्यापेक्षां अधिक काय असतें, या सर्वांची मिळून जी घडण ती क्रीडा. परंपरेनें ज्ञानेश्वरांच्या नांवाशीं जोडलेला मोक्षपट घ्या. त्यांत चित्रें आहेत, साप आहेत, शिड्या आहेत; कथा तर जन्मापासून मोक्षापर्यंतची, तिच्याहून मोठी कथा ती कोणती असणार? परंतु खेळणारानें ठरवावें असें त्यांत कांहींच नाहीं. दान पडेल तितकीं घरें सोंगटी सरकवावयाची, इतकेंच. म्हणून चार वर्षांचें मूल सापशिडींत रमतें आणि दहा वर्षांचें मूल तिला कंटाळतें. उलट बुद्धिबळांतील मोहरे हस्तिदंती असोत, कीं हरवलेल्या उंटाच्या जागीं सदऱ्याचें बटण ठेवलेलें असो, डावाचा रंग तिळमात्र बदलत नाहीं.

आतां पडद्यावरील खेळांकडे वळूं. अमेरिकेंतील अटारी कंपनीनें १९७२ सालीं 'पाँग' नांवाचा खेळ बाजारांत आणिला. तो ॲलन अल्कॉर्न या अभियंत्यानें रचिला. चित्र म्हणाल तर दोन उभ्या रेघा, मध्यें एक तुटक रेघ, आणि इकडून तिकडे जाणारा एक ठिपका. कथा मुळींच नाहीं. पण अल्कॉर्ननें त्या उभ्या रेघेचे मनांत आठ भाग पाडिले. ठिपका मध्यावर लागला तर सरळ परत जावा, कडेस लागला तर तिरपा जावा, आणि दोघांची टोलवाटोलवी लांबली म्हणजे त्याचा वेग वाढावा, अशी योजना त्यानें केली. एवढ्यानें नुसत्या अडविण्याचें रूपांतर डाव टाकण्यांत झालें. यंत्राच्या जोडणींतील एका वैगुण्यामुळें त्या रेघा पडद्याच्या अगदीं वरच्या टोंकापर्यंत पोहोंचत नसत. तें दुरुस्त करण्याऐवजीं अल्कॉर्ननें तसेंच राहूं दिलें. कारण दोघे तरबेज खेळाडू समोरासमोर आले तर डाव संपावयास कोठें तरी फट हवी.

जपानांतील तोमोहिरो निशिकादो यांची गोष्ट याहूनही मौजेची आहे. १९७८ सालीं त्यांनीं तैतो कंपनीसाठीं 'स्पेस इन्व्हेडर्स' रचिला. परग्रहावरील पंचावन्न शत्रु अकरा-अकरांच्या पांच रांगा करून हळूहळू खालीं उतरतात, आणि खेळणारानें खालून बाण सोडावे तशा गोळ्या सोडून त्यांस टिपावयाचें. त्या काळचें यंत्र दुर्बळ. इतकीं चित्रें एकदम हलवितांना तें दमे. शत्रु जसजसे कमी होत, तसतसा यंत्रावरील भार हलका होई आणि उरलेले शत्रु अधिकाधिक वेगानें धांवूं लागत. दुसरा एखादा हा दोष झांकून टाकता. निशिकादो यांनीं तो ठेविला, आणि त्यांतून असा विलक्षण परिणाम साधला कीं विजय जवळ येतो तसतसें संकट वाढतें. शेवटचा एकटा शत्रु पहिल्या पन्नासांपेक्षां अवघड होऊन बसतो. हें कथेनें सांगितलेलें नाहीं आणि चित्रांतही दिसत नाहीं. तें खेळणाराच्या छातींत धडधडतें.

येथें आमच्या जुन्या धंद्यास अनुसरून थोडें विषयांतर करण्याची परवानगी वाचक देतीलच. पाणिनीय धातुपाठांत दिव् या धातूचे अर्थ दिले आहेत, त्यांत पहिला अर्थ क्रीडा, दुसरा विजिगीषा म्हणजे जिंकण्याची इच्छा, आणि झगमगाट दाखविणारा द्युति हा अर्थ चौथा. या क्रमावरून कांहीं सिद्ध होतें असें आम्ही म्हणत नाहीं. वैयाकरण आमच्या अंगावर धांवून येतील. पण क्रम आम्हांस आवडला आहे, आणि या धातूचें काम आम्हांस पुढें पुनः पडणार आहे.

झगमगाट पहिला ठेवला म्हणजे काय होतें याचें उदाहरण १९८३ सालचा 'ड्रॅगन्स लेअर'. डिस्नेच्या चित्रशाळेंत काम करून बाहेर पडलेले डॉन ब्लूथ यांनीं त्याचीं चित्रें काढलीं. इतर खेळांत चौकटी ठोकळे हालत असतां येथें खरा व्यंगचित्रपट लेझर डिस्कवरून चालू लागला. लोकांनीं गर्दी केली. इतर खेळांस पंचवीस सेंट पडत, तेथें यास पन्नास सेंट देऊन लोक खेळले, आणि खेळणाराच्या पाठीमागें उभे राहून पाहणारे तर कितीतरी. पण खेळणारानें करावयाचें काय? नेमक्या क्षणीं नेमक्या दिशेस दांडा ढकलावयाचा, किंवा तलवारीचें बटण दाबावयाचें. बरोबर पडलें तर चित्रपट पुढें सरके, चुकलें तर नायक मरे. कोणत्या क्षणीं कोणती दिशा, हें तोंडपाठ झालें कीं खेळ संपला. आम्ही पाठांतराचे शत्रु नव्हे. मुलांकडून रूपें पाठ करविण्यांत आमचा उभा जन्म गेला. परंतु रूपें पाठ करावयाचीं तीं पुढें स्वतःचें वाक्य रचतां यावें म्हणून. 'ड्रॅगन्स लेअर' मध्यें वाक्य रचण्याची वेळ कधींच येत नाहीं.

आमच्याकडील घरांत हे खेळ मुख्यतः १९९० नंतरच्या दशकांत शिरले. दूरदर्शनच्या संचास जोडावयाचीं तीं यंत्रें बहुधा जपानी मूळ यंत्राच्या नकला असत, आणि त्यांत खोंचावयाच्या डबीस मुलें कॅसेट म्हणत. कॅसेटवर ९९९९९९९ खेळ असल्याचें छापलेलें असे. मोजूं जातां तेच मूठभर खेळ वेष पालटून पुनः पुनः येत. त्या मुठींत एक 'सुपर मारिओ ब्रदर्स' हटकून असे. निन्तेन्दो कंपनीच्या शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो १९८५ सालीं केला. सबंध खेळ चाळीस किलोबाइटांत मावतो. आजच्या मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रास याच्या कितीतरी पट जागा लागते. जागेची काटकसर इतकी कीं आकाशांतील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांचा आकार एकच; एक पांढरा रंगविला, दुसरें हिरवें. कथा म्हणजे राजकन्या पळविली गेली आहे, तिला सोडवावयाचें. एकेक किल्ला सर करावा आणि प्रत्येक वेळीं उत्तर मिळावें कीं राजकन्या येथें नाहीं, दुसऱ्या किल्ल्यांत आहे. ही कथा कोणी मासिकाकडे धाडिली असती तर संपादकांनीं साभार परत केली असती.

पण उडी पाहा. बटण किती वेळ दाबून धरलें यावर उडीची उंची ठरते. धांवत येऊन मारिली तर ती लांब जाते. हवेंत असतांही थोडें मागें-पुढें वळतां येतें. थांबावयाचें म्हटलें तर मारिओ जरा घसरतो. या चार गोष्टींवर तो सारा डोलारा उभा आहे. सूचना कोठेंच लिहिलेली नाहीं. प्रथम एक शत्रु सावकाश समोरून येतो. उडी मारिली तर वांचलांत, न मारिली तर मेलांत, आणि मरणही इतक्या लौकर येतें कीं फारसें कांहीं गमावलेलें नसतें. बालवर्गास शिकविणाराला याहून चांगला पहिला पाठ रचतां येणार नाहीं. आमच्या मातोश्री तेव्हां साठी ओलांडलेल्या. राजकन्या कोण आणि किल्ला कोणाचा हें त्यांनीं कधीं विचारिलें नाहीं. देवापुढील वाती वळतां वळतां त्या पडद्याकडे पाहात, आणि एके दिवशीं नातवास म्हणाल्या, "अरे, तूं तें बटण लवकर सोडतोस, म्हणून खड्ड्यांत पडतोस." निदान अगदीं अचूक होतें. चष्म्यांतून त्यांना चित्र धड दिसत नव्हतें, कथा ठाऊक नव्हती, पण क्रीडा दिसली होती.

इतकें लिहिल्यावर चित्रास आणि कथेस आम्ही केवळ शोभेच्या वस्तू समजतों असा समज होईल. तसें नाहीं. क्रीडेच्या बाहेर राहिलेलें चित्र लौकर शिळें होतें, आणि क्रीडेंत शिरलेलें चित्र होत नाहीं, असें आम्हांस म्हणावयाचें आहे. १९८९ सालीं जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणानें 'प्रिन्स ऑफ पर्शिया' तयार केला. (आमच्या शाळेंत संगणक आले तेव्हां हा खेळ त्यांवर कोणी आणून टाकिला, याचा तपास अद्याप लागलेला नाहीं.) मेक्नरनें आपल्या धाकट्या भावास धांवावयास आणि उड्या मारावयास लावून त्याची फिल्म घेतली, आणि एकेक चौकट गिरवून राजपुत्राची आकृति केली. परिणाम असा झाला कीं राजपुत्रास वजन आलें. तो धांवूं लागला कीं एकदम थांबत नाहीं. उडी मारावयाची तर पाऊल नेमकें कड्याशीं पडावें लागतें. हुकलें तर बोटांनीं कडा धरून लोंबकळतो. येथें चित्राचें सौंदर्य हाच खेळाचा नियम आहे. आकृति ओबडधोबड असती तर खड्ड्यांची भीतिच वाटली नसती.

आणि त्याच खेळांतील छायापुरुषाचा प्रसंग पाहा. संगणकाच्या स्मृतींत नव्या पात्रासाठीं जागा उरली नव्हती, म्हणून राजपुत्राच्याच आकृति थोड्या पालटून हें पात्र उभें केलें. वाटेंत एक आरसा आडवा येतो. धांवत जाऊन त्यांतून उडी घेतल्यावांचून गति नाहीं. उडी घेतांच आरशांतून दुसऱ्या बाजूस एक छाया निघून पळते, आणि राजपुत्राची शक्ति घटून अगदीं थोडी उरते. पुढें ती छाया त्याच्यासाठीं ठेवलेलें औषध पिऊन जाते. आणखी पुढें दार लावून घेऊन त्यास खालीं पाडते. अखेर दोघे समोरासमोर येतात आणि तलवारी निघतात. तोंवर खेळणारानें बारा मजले शत्रु दिसला कीं वार करावयाचा, एवढेंच शिकलेलें असतें. पण छायेवर केलेला प्रत्येक वार आपल्यासच लागतो. दोन वार केल्यावर शहाणा खेळाडू थबकतो. उपाय एकच आहे: तलवार म्यान करावी आणि छायेकडे चालत जावें, मग दोघे एक होतात. वेदान्तावरील व्याख्यानास पेंगणारीं पोरें हा प्रसंग आम्हांस डोळे मोठे करून सांगत. कोणत्याही पात्राच्या तोंडीं तेथें एक शब्द नाहीं. अर्थ हातानें कळतो, कारण तलवार आंत घालणारा हात आपला असतो.

कथाप्रधान खेळांचे अभिमानी यावर 'मंकी आयलंड' चें नांव घेतील. अवश्य घ्यावें. रॉन गिल्बर्ट यांचा १९९० सालचा हा विनोदी खेळ आम्हांस फार प्रिय आहे. त्यांत चांचे तलवारीनें लढतात ते नांवापुरते. खरी लढाई टोमण्यांची. एकानें अपमानकारक वाक्य टाकावें, दुसऱ्यानें त्यास चपखल उत्तर द्यावें. उत्तर सुचलें नाहीं तो मागें हटतो. प्रारंभीं आपणांस धड टोमणे ठाऊक नसतात आणि उत्तरेंही नसतात. हरत हरत तीं गोळा करावयाचीं. शेवटीं तलवारबाजींत निष्णात अशी एक स्त्री भेटते, आणि तिचे टोमणे सर्वस्वी नवे असतात! पण जुन्या उत्तरांपैकींच एकेक उत्तर या नव्या टोमण्यास नेमकें बसतें, तें ओळखावयाचें. समस्यापूर्तीची गोडी ज्यांनीं चाखली आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. 'ड्रॅगन्स लेअर' मध्यें जें वाक्य रचणें नव्हतें, तें येथें आहे. कथा येथें मोठी खरी, परंतु ती खेळणाराच्या बुद्धीच्या पावलांनीं चालते.

सर्वांत बळकट आक्षेप 'फायनल फँटसी' या मालिकेंतील सातव्या खेळाचा. १९९७ सालच्या या जपानी खेळांत एअरिथ नांवाची मुलगी मध्येंच मारिली जाते, आणि जगभर अनेकांनीं तिच्यासाठीं अश्रु ढाळिले. त्या काळीं ज्या चित्रांची वाहवा झाली, तीं आज पाहवत नाहींत. माणसांचे हात केवळ ठोकळे. तरी दुःख शिळें झालेलें नाहीं. मग येथें तरी कथाच श्रेष्ठ नव्हे काय? आम्ही आमच्या एका पुतण्यास विचारिलें कीं तुला इतकें वाईट कशाचें वाटलें. तो म्हणाला, "काका, मीं तिला केवढी तयार केली होती! जखमा बऱ्या करण्याचें काम तीच करी. ती गेल्यावर पुढच्या लढाईंत तिची जागा रिकामी." कादंबरींतील नायिका मेली तर आपण हळहळतों, येथें पोरानें कित्येक तास तिच्यावर खर्चिलेले असतात आणि तिच्यावर विसंबून डाव मांडलेले असतात. घाव कथेनें घातला, पण तो बसला क्रीडेनें तयार केलेल्या जागीं. कथेचें श्रेय आम्ही कमी करीत नाहीं. हीच कथा पुस्तकांत वाचली असती तर ती मध्यम प्रतीची ठरली असती, एवढेंच आमचें म्हणणें.

या काथ्याकुटाचा घरसंसाराशीं संबंध काय, असें आमच्या भगिनीवर्गांतून कोणी विचारील. संबंध फार मोठा आहे. मघाशीं सांगितलेल्या दिव् धातूपासून द्यूत हा शब्दही होतो. खेळविणारी शक्ति क्रीडेंत आहे, तशी नादीं लावणारी शक्तिही तेथेंच आहे. मोबाइलवरील कित्येक खेळ आज असे आहेत कीं चित्रें बाळबोध, रंग गोड, कथा निरुपद्रवी. वडील मंडळी पाहून समाधानानें मान हलवितात. पण आंत काय चालतें? बंद पेटी उघडावी, त्यांत काय निघेल याचा नेम नसावा, आणि दुसरी पेटी हवी तर पैसे भरावे. ही फांसे टाकण्याची क्रीडा आहे, फुलांचा पडदा टाकलेली. खुद्द पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेनें २०२५ सालीं केला. परंतु अशा गोजिरवाण्या पेट्या घरांतील वडीलधाऱ्यांनींच ओळखावयाच्या आहेत. त्या चित्रावरून ओळखूं येत नाहींत. त्यासाठीं मुलाच्या शेजारीं अर्धा तास बसावें, आणि त्याला तीन प्रश्न विचारावे: आतां तूं काय ठरविलेंस? चुकलास तर कशानें चुकलास? पुढच्या वेळीं निराळें काय करशील? ज्या खेळांत मुलास या प्रश्नांचीं उत्तरें देतां येतात तो खेळ, मग त्यांत चार राक्षस मरत असले तरी, आम्ही आमच्या घरांत येऊं देतों. जेथें उत्तर 'नशीब' एवढेंच येतें, तेथें पडद्यावर खुद्द बाळकृष्ण लोणी खात असला तरी आमचा विरोध आहे.

एक आक्षेप राहिला. जुने खेळ चांगले वाटतात ते केवळ बाळपणाच्या आठवणींमुळें, असें कित्येक म्हणतात. त्यांस 'टेट्रिस' दाखवावा. १९८४ सालीं मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणककेंद्रांत अलेक्सेय पाजित्नोव यांनीं तो रचिला, तेव्हां त्यांच्या एलेक्ट्रोनिका ६० या यंत्रास चित्र काढतांच येत नव्हतें. कंसांच्या जोड्या मांडून त्यांनीं चौकोन दाखविले. चार चौकोनांचे सात आकार, वरून एकेक पडतो, ओळ भरली कीं ती नाहींशी होते. चित्र नाहीं, कथा नाहीं. पुढें १९८९ सालीं निन्तेन्दोनें दूरदर्शनसंचावर खेळावयाची त्याची आवृत्ति काढिली. तिच्या एकोणतिसाव्या पायरीवर आकार इतक्या वेगानें पडतात कीं मनुष्याची गति तेथें संपते, असेंच कित्येक वर्षें मानलें जात होतें. डिसेंबर २०२३ मध्यें अमेरिकेंतील ओक्लाहोमा राज्यांतील एक तेरा वर्षांचा मुलगा तीच आवृत्ति खेळत असतां १५७ व्या पायरीपर्यंत गेला, आणि तेथें खेळच गोठून बंद पडला. कोणाही मनुष्याच्या हातून तसें पूर्वीं घडलें नव्हतें. त्या मुलाच्या जन्माच्या वेळीं हा खेळ वीस वर्षांहून जुना झालेला होता, तेव्हां त्याच्याकडे आठवणी कोठल्या? ज्या हस्तकौशल्यानें हें साधलें तेंही कंपनीनें शिकविलेलें नव्हे. अलीकडच्या वर्षांत खेळाडूंनींच तें शोधून काढिलें. एका हाताचा अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवावयाचा, आणि दुसऱ्या हाताचीं बोटें यंत्राच्या पाठीवर, तबल्यावर पडावीं तशीं, एकामागून एक वाजवावयाचीं.